हळदीच्या पाण्यात उमटलेलं नाव

राजुरीच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. लालाक्षर महाराजांनी कोऱ्या पांढऱ्या कापडावर हळदीचं पाणी शिंपडलं आणि पिवळ्यावर लालभडक अक्षरं उमटली. 'चांगदेव नर्सरी.' आमचीच, रोपांची! पप्पांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"ज्याचं नाव लाल, त्याच्यावर इन्कम टॅक्सची नजर," महाराज हळू आवाजात म्हणाले. "धाड पडणार. घर, गाडी, सगळं सील. उपाय एकच. पिकअप आमच्या अनाथाश्रमाला द्या. तिच्यावर नर्सरीचं नाव रंगवू. झाली जाहिरात! जाहिरातीचा खर्च माफ, सरकार गाडीची सगळी किंमत परत देतं. पुण्य तुमचं, खर्च सरकारचा."

"पप्पा, मग रोपं कशात पोचवायची?"

"गप बस. नाव आलंय आपलं. न्हाई दिली तर काय व्हईल?" दुसऱ्या दिवशी चावी द्यायची ठरली.

घरी आई माझा युनिफॉर्म धूत होती. आमटीचा पिवळा डाग साबण लागताच लाल झाला. रोजचंच ते, पण त्या दिवशी मी बघतच राहिले. धुण्याचा सोडा पाण्यात कालवला, काडीनं उशीच्या जुन्या खोळीवर माझं नाव लिहिलं, वाळवलं. काही दिसेना. हळदीचं पाणी शिंपडलं, तर नाव लाल! आणि आमचं नाव महाराजांना कसं कळलं? त्यांचाच माणूस 'मंडपाच्या बोर्डावर घालतो' म्हणून आधीच नर्सरीवर येऊन नाव विचारून गेला होता.

आता तर मी जास्तच घाबरले. कारण आता बोलावं लागणार होतं.

शाळेत कॉमर्स शिकवणाऱ्या डुंबरे मॅडमना फोन करून महाराजांचा उपाय सांगितला. त्या म्हणाल्या, "सामाजिक कामाला हातभार लावणारी जाहिरात खरोखर धंद्यासाठी असेल, बिल असेल, तर तो खर्च धरतात. पण तो उत्पन्नातून वजा होतो गं. थोडा टॅक्स वाचतो, किंमत परत मिळत नाही. आणि तुझे पप्पा स्वतः वाढवलेलीच रोपं विकतात ना? ते शेतीचं उत्पन्न. त्यावर इन्कम टॅक्सच नाही. वाचवणार काय?"

दुसऱ्या दिवशी पप्पा चावी घेऊन रांगेत उभे. मी दुसरी खोळ घेऊन स्टेजवर चढले. गुडघे लटपटत होते.

"महाराज, हिच्यावर पण शिंपडा ना."

"खाली उतर, बाळ. कोप होईल."

तरी मी त्यांचाच तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. खोळीवर उमटलं, 'लालाक्षर महाराज.'

मग पुढच्या रांगेतले म्हातारे गेणभाऊ म्हणाले, "आता धाड कुणावर पडायची, राव?"

हशा पिकला. मी सोड्याची गंमत सांगितली, मग मॅडमचं बोलणं. महाराजांचा माणूस तेवढ्यात मागच्या कनातीतून सटकला.

पप्पा माझ्याकडे बघत होते. "म्हंजी, मला टॅक्सच न्हाई?"

"न्हाई."

"मग रातभर कशाला जागलो मी?" त्यांनी चावी खिशात टाकली. "चल, अवसरीला पोचवायची टोमॅटोची रोपं खोळंबल्यात."

जाहिरात खुशाल करा. तिच्यातून अनाथ मुलांना मदत होत असेल तर जरूर करा. पण संस्था कुठली ते बघा, बिल मागा, जाणकाराला विचारा. आणि कुणी भीती घालून काही मागितलं, तर ते द्यायच्या आधी घरी जाऊन त्याचा चमत्कार स्वतः करून बघा. माझे गुडघे तेव्हा लटपटत होतेच. लटपटू देत, विचारता तरीही येतं.