कठीण लाकडाची खुंटी

रॉली प्रोबर्टने कोटाच्या खिशात हात घातला आणि खुंटी आहे ना ते चाचपून पाहिलं. लडलोहून बस सुटल्यापासून ही तिसरी खेप. बोटाच्या दोन पेरांएवढी, कठीण लाकडाची ती खुंटी नऊ वर्षं त्याच्या स्वयंपाकघरातल्या खणात पडून होती, सुतळीचं गुंडाळं आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या सोबतीला. आज सकाळी प्रार्थना आटोपून चर्चमधून घरी आल्यावर त्याने खण उघडला आणि ती उचलली.

शेजारी लेन गिटिन्स बसला होता. चाळीस वर्षं दोघांनी एकत्र बिअर चाखली होती. लेनने त्याच्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, दाढ दुखतेय की मयताला निघालायस?"

"मयतालाच की," रॉली म्हणाला.

लेनने मान डोलावली. कारण ते खरंच होतं. विन्सली गावची बेडोज यांची बिअरची भट्टी आज बंद होणार होती. नेस्टा बेडोजने मंडळातल्या सगळ्यांना चार ओळींचं पत्र पाठवलं होतं: शनिवारी दुपारी या, शेवटचं पिंप संपवायला हात लावा, चीज आणि कांद्याचं लोणचं मी ठेवीन, पाव तुम्ही आणा. लेनच्या मांडीवर पावाची पिशवी होती. रॉलीच्या खिशात खुंटी होती.

मंडळ म्हणजे श्रॉपशर परगण्यातल्या बिअरवेड्यांचं. दुसऱ्या परगण्याची बिअर ही माणसं पाहुण्यासारखी पीत, पण आपल्या परगण्यातली भट्टी म्हणजे घरचं माणूस. त्यातही रॉली नेमाचा पक्का. श्रॉपशरमध्ये निघालेली प्रत्येक नवी बिअर त्याने अर्धा पेला चाखायची आणि वहीत तारीख घालून उतरवायची. अर्ध्याचा पूर्ण पेला त्याने कधी केला नाही, आणि न चाखता एक ओळ कधी लिहिली नाही. टपाल वाटता वाटता लागलेला हा नाद निवृत्तीनंतर त्याचं सारं आयुष्य होऊन बसला. सोळाशेच्या वर नोंदी होत्या. भट्टीवाले त्याच्या जिभेला मान देत. रॉलीने नाक मुरडलं की पुढच्या खेपेला ते जवाची पोती बदलत.

बेडोजची बिअर त्या सगळ्यांत वेगळी होती. तिच्या शेवटच्या घोटात कच्च्या आलुबुखाऱ्याची एक बारीकशी चव यायची. ती चव जवाची नव्हती आणि पाण्याचीही नव्हती. ती यीस्टची होती. दह्याला जसं कालच्या दह्याचं विरजण लागतं, तसं बेडोजच्या घरी मागच्या बिअरवरचं फेसाळ यीस्ट काढून पुढच्या बिअरला लावत. नेस्टाच्या पणजोबापासून ते असं एका बादलीतून दुसरीत चालत आलं होतं. दोन महायुद्धं झाली, भट्टीला एकदा आग लागली, पण ती बादली रिकामी झाली नाही. नेस्टाचा बाप ह्यूबर्ट म्हणायचा, घरात दोन लेकरं आहेत, एक नेस्टा आणि एक बादलीत, आणि बादलीतलं जास्त ऐकतं.

ह्यूबर्ट रॉलीचा जिवलग. नेस्टा लहानपणी रिकाम्या पिंपांवर बसून पाय हलवत यांच्या गप्पा ऐकायची आणि 'अंकल रॉली, अंकल रॉली' करत मागे फिरायची. पन्नाशी ओलांडली तरी ती त्याला अंकलच म्हणत होती.

नऊ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मंडळाचा मेळा भरला. दरवर्षीप्रमाणे परगण्यातल्या भट्ट्यांची निवडक पिंपं परीक्षेसाठी वेगळी ठेवली होती. शनिवारी दुपारी परीक्षक चाखेपर्यंत त्यांतला थेंबही विकायचा नाही, असा नियम. पिंपांची देखभाल रॉलीकडे. पिंप आडवं लावतात, वरच्या भोकात आधी भुसभुशीत लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे आतला वायू हळूहळू निघून जातो. उसळी शांत झाली की ती काढून कठीण लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे हवा आत शिरत नाही. बस्स, एवढंच काम. रॉलीने ते हजार वेळा केलं होतं.

बुधवारी संध्याकाळी तो एकेक पिंप करत सातव्यापाशी आला. भुसभुशीत खुंटी काढली, कठीण हातात घेतली, लाकडी हातोडा उचलला, तोच दारातून लेनची हाक आली. ऑस्वेस्ट्रीकडची एक नवी भट्टी, तिचं पहिलंच पिंप गाडीतून उतरलं होतं. "ये लवकर, अजून कुणाच्या जिभेला लागलेली नाही," लेन म्हणाला.

परगण्यातली नवी भट्टी, तिची पहिली बिअर आणि पहिली नोंद आपली. रॉलीचे पाय निघाले ते निघालेच. त्याने खुंटी स्वेटरच्या खिशात टाकली, गाडीपाशी जाऊन पेला धरला, वहीत ओळ लिहिली आणि तिथूनच घरी गेला. त्या बिअरचं नाव आज विचाराल तर त्याला वही उघडावी लागेल.

सातव्या पिंपाचं भोक बुधवारपासून शनिवारपर्यंत उघडं राहिलं. शेजारच्या भिंतीला गरम पाण्याचा नळ होता, त्याची ऊब पिंपाला लागत राहिली आणि आतली बिअर आंबत गेली.

परीक्षेत पेल्यांवर नावं नसतात, अक्षरं असतात. सातव्या अक्षराचा पेला रॉलीने ओठाला लावला आणि खाली ठेवला. बाकीच्या तीन परीक्षकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने परीक्षेच्या कागदावर लिहिलं: आंबट. यीस्ट बिघडलं आहे. भट्टीवाल्याने ते टाकून द्यावं. खाली सही केली. चिठ्ठ्या उघडल्यावर बेडोजचं नाव निघालं, तेव्हा त्याला वाईट वाटलं, पण जिभेशी खोटं कसं बोलणार? रिवाजाप्रमाणे तो कागद भट्टीकडे गेला.

रविवारी आवराआवर करताना रुमाल काढायला त्याने स्वेटरच्या खिशात हात घातला, तर हाताला खुंटी लागली. तो सातव्या पिंपापाशी गेला. भोक उघडंच होतं. आत डोकावून पाहायची गरज नव्हती, तरी तो वाकला आणि आतला सिरक्यासारखा वास त्याच्या नाकात गेला.

सोमवारी सकाळी नेस्टाचा फोन आला. ह्यूबर्ट तेव्हा श्रूजबरीच्या इस्पितळात होता, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. पोरीचा आवाज थकला होता. तिने एवढंच विचारलं, "अंकल रॉली, तुमची खात्री आहे? आंबटच होती?"

"आंबट होती," रॉली म्हणाला.

शब्दाने ते खरं होतं. नऊ वर्षं त्याने स्वतःला हेच सांगितलं.

बस विन्सलीच्या पुलापाशी थांबली. भट्टीच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. सगळे ओळखीचे चेहरे, सगळ्यांचे केस पिकलेले. कुणी हळू हसत होतं, कुणी आपापल्या आठवणी काढत होतं, ह्यूबर्टने पुरात पिंपं दोराने झाडाला कशी बांधली होती वगैरे. लेनने पाव कापायला घेतले आणि लगेच कुणीतरी त्याला म्हणालं की गिटिन्स, तू कापलेल्या तुकड्यावर उंदीरही उपाशी राहील. नेस्टा सगळ्यांना पेले भरून देत होती. बिअर चांगली होती. स्वच्छ, नितळ, पाकिटातल्या यीस्टची. आलुबुखारा नव्हता. त्या वर्षापासूनच नव्हता, आणि माणसं भांडून नव्हे, अशीच हळूहळू दुसरीकडे गेली होती.

रॉलीने पेला घेतला नाही. नेस्टा जिना उतरून खाली यीस्टच्या खोलीत भांडी आणायला गेली, तसा तोही मागोमाग गेला. खोलीत दगडी फरशी, कोपऱ्यात उलटी ठेवलेली बादली. भिंतीवर एका खिळ्याला तो कागद. पिवळा पडलेला, पण रॉलीने स्वतःचं अक्षर दारातूनच ओळखलं.

"हा अजून इथे आहे?"

"मीच लावला होता," नेस्टा म्हणाली. ती भांडी रचत होती, वळली नाही. "पुन्हा आळस करायचा नाही, याची आठवण म्हणून."

मग तिने सांगितलं. त्या आठवड्यात रोज इस्पितळात जाऊन यायची. एका संध्याकाळी इतकी दमली होती की बादली उकळत्या पाण्याने धुवायची ती नुसती गार पाण्याने विसळली. तेवढ्याने चार पिढ्यांचं यीस्ट गेलं. बाबा घरी आले, त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, होतं असं. पण त्यानंतर वसंतात वारले तोवर त्यांनी नवी बिअर तोंडाला लावली नाही. समोर भट्टी, आणि ते खिडकीत बसून चहा प्यायचे.

"त्यांनी एक शब्द जरी बोलून घेतला असता ना अंकल रॉली, तर बरं झालं असतं."

रॉली आला होता भट्टीसाठी माफी मागायला. या पोरीने बापाचं ओझंही डोक्यावर वाहिलं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. क्षणभर त्याच्या मनात आलं की आता सांगण्यात काय अर्थ, उगाच जखम उघडायची. पण हाच विचार नऊ वर्षं त्याच्या उपयोगी पडला होता. त्याने खिशातून खुंटी काढून रिकाम्या बादलीच्या बुडावर ठेवली.

"तुझ्या हातून काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "ही त्या पिंपाची. मी बसवायची विसरलो. भोक तीन दिवस उघडं होतं."

नेस्टाने खुंटीकडे पाहिलं. हात पुसले. वरून लेनचं हसणं ऐकू आलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"रविवारी."

"मी फोन सोमवारी केला होता."

"हो."

"बादलीतलं यीस्ट शुक्रवारपर्यंत इथेच होतं," नेस्टा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याच घाण्यातली बाकीची पिंपं मी उघडून पाहिली होती. मला बरी लागली. रोज येऊन चाखायचे. पण म्हटलं, माझी जीभ काळजीने मेलीय, अंकल रॉलींना जास्त कळतं. शुक्रवारी ओतून दिलं. त्या जाळीत."

रॉलीने जाळीकडे पाहिलं. चार दिवस. इतकी वर्षं त्याची समजूत होती की कागद गेला तेव्हाच सगळं संपलं, नंतर बोलून काय उपयोग होता. त्या चार दिवसांत त्याने काय केलं ते त्याला आठवलं. मंगळवारी बाग खणली. बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला गेला, गुडघे टेकले, आणि देवापाशी ह्यूबर्टची तब्येत मागितली.

"मला लाज वाटली," तो म्हणाला. "दुसरं काही कारण नाही. इतकी वर्षं सगळ्यांच्या चुका काढल्या आणि..."

नेस्टाने भिंतीवरचा कागद काढला. बादलीवर, खुंटीच्या शेजारी, तो सरळ करून ठेवला. एप्रनच्या खिशातून पेन काढून पुढे केलं.

"दुरुस्त करा."

"आता?"

"तुमच्या अक्षरात."

रॉली गुडघ्यावर टेकला, कारण बादली बुटकी होती. त्याने यीस्ट बिघडल्याच्या ओळीवर रेघ मारली. खाली लिहिलं: पिंपाचं भोक परीक्षकाने उघडं ठेवलं. यीस्ट चांगलं होतं. भट्टीवालीची चूक नाही. त्या दिवसाची तारीख घालावी की आजची, हे त्याला कळेना. त्याने आजची घातली आणि सही केली.

नेस्टाने कागद उचलून वाचला. पुन्हा वाचला. तिच्या ओठांच्या हालचालीवरून कळत होतं की शेवटची ओळ तिने तिसऱ्यांदाही वाचली. मग तो कागद तिने त्याच खिळ्याला, जुन्याच छिद्रात अडकवला. सोमवारी ही खोली रिकामी व्हायची होती. एका सुताराने ती लाकूड ठेवायला घेतली होती.

"बाबांना तेवढं कळायला हवं होतं," ती म्हणाली.

रॉली बादलीचा आधार घेत उठला. नेस्टाने हात पुढे केला नाही, पण तो जिन्याच्या पहिल्या पायरीला लागेपर्यंत ती पाहत उभी राहिली.

"बस चार वाजून पाच मिनिटांनी आहे," ती म्हणाली. "पुलापाशी लवकर जाऊन उभे राहा, नाहीतर थांबत नाही." अंकल म्हणाली नाही.

अंगणात पिंपाच्या तळाशी आता गाळ लागला होता. लेनने स्वतःसाठी शेवटचा अर्धा पेला काढला होता, तो त्याने रॉलीपुढे धरला. "घे, तुझ्यासाठी ठेवलाय. बेडोजची शेवटची. वही आणलीस ना?"

वही आतल्या खिशात होती. रॉलीने पेला हातात घेतला, उन्हाकडे धरला, सवयीने नाकाशी नेला. मग तसाच परत लेनच्या हातात दिला.

"तू पी," तो म्हणाला. "तुझी जीभ बरी आहे."

लेनने रॉलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेला एका घोटात संपवला. दोघे पुलाकडे चालू लागले. चढावर रॉलीने सवयीने खिसा चाचपला. खुंटी तिथे नव्हती, ती खाली बादलीवरच राहिली होती.