नाशिकवाला

छाया भाकरतुकडा हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती, पण समाधान दारापर्यंत आलाच नाही. रिक्षातून उतरला तसा तो थेट अंगणातल्या शेवग्याकडे गेला, बॅगेतून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला डबा काढला आणि हात पोहोचेल तितक्या वरच्या फांदीला घट्ट बांधला. मग नळावर हातपाय धुऊन उंबऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

तिने भाकरतुकडा त्याच्यावरून उतरवून लांब टाकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं.

"आता कोण?"

"यल्लय्या. म्हातारा गवंडी. फोनवर सांगितलं होतं बघ, तोच."

मस्कतहून आलेल्या माणसाच्या बॅगेत लोक काय काय शोधतात! सेंटच्या बाटल्या, टेपरेकॉर्डर, गेलाबाजार एखादं नेलकटर तरी. पहिल्या रजेला समाधानने असाच डबा झाडाला टांगला, तेव्हा मखमलाबादच्या त्या गल्लीतल्या बायकांनी आत सोन्याची बिस्किटं आहेत असं ठरवूनही टाकलं होतं. त्यात कुणाच्या तरी अस्थी आहेत हे कळल्यावर मात्र कितीतरी दिवस त्या घरी कोणी चहालाही फिरकलं नाही.

अंबडची फॅक्टरी बंद पडली आणि समाधान वेल्डर म्हणून मस्कतला गेला, तेव्हा सुरुवातीचे काही महिने त्याला कोणी नावाने हाक मारली नव्हती. खोलीत मल्याळी, तेलुगू, बिहारी होते; मराठी एकही नाही. वरचा बंक त्याचा, आंघोळीला शेवटचा नंबर त्याचा. एकटा यल्लय्या त्याला जवळ करी. दुपारी कुठल्या भिंतीच्या सावलीला बसावं, फोनची रांग कधी कमी असते, हे त्याने शिकवलं. मग एक राजस्थानी सुतार छातीत कळ येऊन गेला. समाधान रजेवर निघाला होता. कोणीतरी विचारलं, नाशिक म्हणजे रामकुंडाचं नाशिक ना?

त्या दिवसापासून तो कॅम्पचा 'नाशिकवाला' झाला. खालचा बंक मिळाला, आंघोळीला पहिला नंबर मिळाला. सणाला माणसं त्याच्या हातावर मिठाई ठेवत आणि नजर चुकवत. परक्या मुलखात त्याचं बस्तान बसलं ते असं, दुसऱ्यांच्या मरणावर. त्याला त्याची लाज वाटे, पण खालचा बंक त्याने कधी सोडला नाही.

यल्लय्याच्या मागे कोणी उरलं नव्हतं. "हमारे गाँव में भी गोदावरीच है," तो म्हणायचा. "तुम ऊपर से छोड़ो, हम घर पहुँच जाएगा."

जेवताना छायाने विषय काढला. "हे शेवटचं बरं का. आता तिकडं जायचं नाय. धनराजभावजींकडं जाऊन या आजच. तुम्हाला ते नाय म्हणायचे नाय."

ती रामकुंडाजवळ फुलांचे द्रोण विकायला बसे, त्यामुळे लोकांच्या अस्थी तिच्या रोजच्या डोळ्यांसमोरच्या. पण आपल्या नवऱ्याच्या हाताने त्या आपल्या अंगणात येतात, हे तिला सोसत नव्हतं. समाधानलाही परत जायचं नव्हतं. विमानात बसतानाच त्याने मनाशी पक्कं केलं होतं. इथे फक्त हाताला काम हवं होतं.

धनराज फॅक्टरीतला जुना जोडीदार. अंबडला त्याची ग्रिल बनवायची शेड होती. समाधान पोहोचला तेव्हा शेड उघडी होती, पण आत काहीच चालू नव्हतं. धनराज उपड्या डब्यावर बसून पेपर वाचत होता. समाधानला पाहताच उठला, त्याला मिठीच मारली, चहा सांगितला.

"बरं झालं आलास. मीच येणार होतो तुझ्याकडं."

"काय रे?"

"तुझ्या कंपनीत वेल्डर लागत असतील ना? बघ ना माझं काही. पासपोर्ट काढून ठेवलाय मी." धनराजने शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून दाखवलाही. "मशीन विकलं यार गेल्या महिन्यात. शेड नुसती उघडून बसतो. घरी काय सांगायचं?"

समाधानने चहा संपवला. आपण कशाला आलो होतो ते त्याने सांगितलंच नाही. बघतो म्हणाला आणि निघाला.

संध्याकाळी छायाने सगळं ऐकून घेतलं. दुसरीने घर डोक्यावर घेतलं असतं. ती परडीतली फुलं निवडत राहिली, आणि निवडून झालेली पुन्हा निवडत राहिली.

सकाळी दोघं रामकुंडावर गेली. छाया आपल्या जागेवर बसली, समाधान पाण्यात उतरला.

"मयताचं गोत्र?" गुरुजींनी विचारलं.

"ठाऊक नाय."

"तुमचे कोण?"

समाधान घुटमळला. "आमच्या खोलीतले."

गुरुजींनी काश्यप गोत्र म्हणून मंत्र पुढे चालू केले. उन्हाळ्याचे दिवस होते, धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं, कुंडातलं पाणी जागचं हलत नव्हतं. राख समाधानच्या गुडघ्यांभोवतीच घोटाळत राहिली. त्याने दोन्ही हातांनी पाणी ढकलून पाहिलं. ती थोडी पुढे गेली आणि परत आली. त्याला एकदम भडभडून आलं. म्हाताऱ्याला घरी पोहोचायला फार दिवस लागणार होते.

ओल्या कपड्यांनी तो छायाजवळ येऊन बसला. ती सगळं बघत होती.

"कधी जायचं?" तिने विचारलं.

"रजा संपली की."

"धनराजभावजींना घेऊन जा संगती."

"आं? कालपर्यंत मलाच सोडत नव्हतीस."

"त्यांचं काम करा. कुणाच्या पाया पडायला लागलं तरी पडा, पण करा."

"पण तुला त्याची एवढी काय पडलीय?"

छाया द्रोणात झेंडू मांडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्ही सगळ्यांना आणता. तिथं नाशिकचं आणखी कोणीतरी पाहिजे."

समाधानने पँटचा ओला पाय पिळला.

"करतो," तो म्हणाला.