हिरव्या पिकअपचं पाचवं गिऱ्हाईक

मार्लिस हौगनने पिकअप विकायला काढली मार्चमध्ये, आणि मे उजाडेपर्यंत तिने हात टेकले. गाडीत काडीची खोट नव्हती. वैताग होता तो गिऱ्हाइकांचा, आणि त्याहून जास्त भावाचा.

पिकअप १९५३ सालची. लष्करी ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, चारही चाकांना जोर देणारी. मोंटानात जुडिथ नदीच्या वरच्या अंगाला त्यांची कुरणं होती. तिथे वडिलांनी तीस हिवाळे तिच्यातून गुरांना गवत नेऊन टाकलं. पुढे ती धान्याच्या कोठीमागे वीस वर्षं गंजत पडली. मार्लिसने काउंटीच्या रस्तेखात्यात उभा जन्म रस्ते सपाट करणारे ग्रेडर दुरुस्त करण्यात घालवला होता. तिने अकरा वर्षं खपून गाडी नटबोल्टापासून उभी केली. इंजिन स्वतः उघडलं, पत्रा स्वतः ठोकला, मूळचाच गडद हिरवा रंग स्वतः मारला.

तिचा थोरला भाऊ व्हर्लिन दर गुरुवारी गावातून यायचा आणि उलट्या बादलीवर बसून कॉफी प्यायचा. अकरा वर्षांत त्याने पाना उचलला असेल तर तो वाटेतून बाजूला ठेवायला.

तरीही गिऱ्हाईक यायचं ते सरळ व्हर्लिनकडे वळायचं. इंजिन कुणी बांधलं? मार्लिस म्हणायची, मी. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि व्हर्लिनला विचारायचं की तेल कुठलं घालता. व्हर्लिन गंभीर चेहऱ्याने सांगायचा, चांगलं घालतो. मग त्याची गाडी सुरू व्हायची. एकाहत्तर साली चढणीवर ही कशी उकळली, ब्रेक लागले नाहीत तेव्हा बाबांनी ती कुंपणात कशी घातली, थंडीत ती कशी रुसते. तो रेडिएटर आता नव्हता, ते ब्रेकही नव्हते, पण हे मार्लिसने सांगेपर्यंत गिऱ्हाइकाने घड्याळ बघितलेलं असायचं. अशी चार गेली. भावाच्या जिभेला हाड नाही, एवढंच ती स्वतःशी म्हणायची आणि दातओठ खायची.

पाचवा आला प्रेस्टन कॉडिल. डेन्व्हरहून अकरा तास गाडी हाकत, मागे रिकामा ट्रेलर लावून आला होता, म्हणजे मनात घ्यायचंच होतं. चाळिशीचा, अदबशीर, पायात पांढरेशुभ्र बूट. मार्लिसने त्याला पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध बसवलेले हब, म्हणजे फिरवायच्या चकत्या, दाखवले. चिखलात घालायच्या आधी खाली उतरायचं आणि हे दोन्ही हाताने फिरवून लॉक करायचे, नाहीतर आत गिअर टाकूनही पुढची चाकं नुसती मागच्यांच्या जिवावर घरंगळत राहतात, हे तिने दोनदा सांगितलं. तो दोनदा "हो बाई" म्हणाला. दोन्ही वेळा त्याची नजर व्हर्लिनवर होती.

गाडीचे कागद आणायला म्हणून ती घरात गेली. बाहेर आली तर अंगणात ना पिकअप, ना प्रेस्टन, ना व्हर्लिन. दोन दिवस पाऊस लागून नुकताच उघडला होता. तिकडची माती ओली झाली की बुटाला चिकटते आणि पावलागणिक बूट जड होत जातो. तसे जड बूट ओढत ती पाऊण मैल खालच्या कुरणापर्यंत चालत गेली. तिची हिरवी पिकअप पाटाच्या काठाला आसापर्यंत रुतून बसली होती. प्रेस्टनचे बूट पांढरे राहिले नव्हते.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "पण हिची फोर-व्हील नावापुरतीच आहे. पुढची चाकं हलतसुद्धा नाहीत."

मार्लिसने वाकून हाताने चिखल पुसला. हब मोकळे होते.

"मी काय सांगितलं होतं?"

"अहो, पण तुमचे भाऊ म्हणाले, हे नव्या पद्धतीचे हब आहेत, आपोआप लागतात."

तिने व्हर्लिनकडे बघितलं. तो लांब डोंगरावरचा बर्फ न्याहाळत होता. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नऊ वर्षांचा असल्यापासून बाबा याच व्हर्लिनला बर्फात उतरवून हे हब फिरवायला लावायचे. माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण हे विसरणार नाही. ही जिभेची सैल सवय नव्हती. त्याने पाचर मारली होती, आणि एकदा नव्हे, पाच वेळा.

प्रेस्टनला तिने कुंपणापाशी पडलेल्या फळ्या आणायला पाठवलं. तो लांब गेल्यावर तिने आवाज न चढवता विचारलं, "का?"



"माझी आर्लीन वारल्यापासून आठवड्यातून एकच दिवस घराबाहेर पडायला कारण असतं मला," व्हर्लिन म्हणाला. "गाडी गेली की मी गुरुवारी इथे काय म्हणून येऊ?"

"बहिणीकडे म्हणून ये. आणखी काय म्हणून येतात माणसं?"

"तू शेडमध्ये असतेस तेव्हाच बोलतेस. घरात तू टीव्ही लावतेस."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखीच चीड आली. एवढं एक वाक्य बोलायला या माणसाला दोन महिने आणि पाच गिऱ्हाइकं लागली. तिने त्याला सांगून टाकलं की गाडी विकायची ती दुसरी घ्यायला. विनिफ्रेड गावातल्या एका म्हाताऱ्याकडे सत्तेचाळीस सालचा आगीचा बंब सडत पडलाय, त्यावर तिचा डोळा आहे, आणि त्यात निदान दहा वर्षं जातील.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर काउंटीभर झालं असतं. आता तुझ्या बाजूचा हब फिरव."

तो गुडघ्यावर बसला आणि कुरकुरत का होईना, फिरवला; दुसरा तिने फिरवला. प्रेस्टनने आणलेल्या फळ्या चाकांखाली सरकवून मार्लिस स्टिअरिंगवर बसली. सगळ्यात खालचा गिअर टाकून तिने क्लच इतका सावकाश सोडला की गाडीने आधी नुसता हुंकार दिला. मग चारही चाकांनी माती धरली आणि पिकअप म्हशीसारखी निवांत चालत काठावर आली.

प्रेस्टन तोंड उघडं टाकून बघत होता. वाटेत त्याने दिवसातला पहिला प्रश्न मार्लिसला विचारला, क्लच एवढा मऊ कसा लावला म्हणून. मग दुसरा, मग तिसरा. शेडपाशी पोहोचेपर्यंत ती उत्तरं देऊन दमली. एवढी चिखलात माखलेली गाडी म्हटल्यावर किंमत थोडी खाली यावी, असं त्याने बिचकत सुचवून पाहिलं. मार्लिस म्हणाली, चिखल फुकट आहे, अडतीस हजार डॉलर गाडीचे. त्याने मुकाट्याने चेक लिहिला, पण ट्रेलरवर चढवण्याआधी तिने त्याला हब दहा वेळा लॉक करायला आणि दहा वेळा सोडायला लावले.

शनिवारी ती व्हर्लिनला घेऊन विनिफ्रेडला गेली. गाडीत तिने त्याला तीन वेळा बजावलं की तिथे तोंड उघडायचं नाही, किंमत मी बोलेन. म्हाताऱ्याने शेडचं दार उघडलं. बंब धुळीने आणि कबुतरांच्या विष्ठेने पांढरा पडला होता. मार्लिसने कपाळाला आठ्या घातल्या, एका टायरला लाथ मारली आणि निराश झाल्यासारखा चेहरा केला.

"हाच का तो?" मागून व्हर्लिन म्हणाला. "अरे वा. गेलं वर्षभर हिला याच्यापायी झोप नाही."

बंबाची किंमत तिथल्या तिथे सातशे डॉलरनी वाढली. मार्लिसने ते सातशे व्हर्लिनच्या खिशातून काढले, आणि त्याने ते इतक्या खुशीत दिले की तिला धड रागावताही येईना.