सहीसाठी दिलेली प्रत

शहाण्या माणसाने आपली वस्तू हातची सोडू नये, हे मिस्त्रीला चांगलं कळत होतं. तरी त्याने ती सोडली, आणि आता दर रविवारी लेखिकाबाईंच्या दारात उभा राहून तो मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होता.

मिस्त्री शिलाई मशिनं दुरुस्त करायचा आणि पुस्तकांच्या प्रुफाच्या प्रती जमवायचा. पुस्तक बाजारात येण्याआधी प्रकाशक थोड्या कच्च्या प्रती काढतो. साधा पुठ्ठा, आत सगळ्या चुका जशाच्या तशा, वर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का. परीक्षण लिहिणारे त्या वाचतात आणि रद्दीत घालतात. दुर्मिळ पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकायची मिस्त्रीची ऐपत नव्हती, पण रद्दीवाल्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायला ऐपत लागत नाही. बायको म्हणायची, "लग्नाआधी तुमचीही एखादी कच्ची प्रत मिळाली असती, तर चुका वेळीच दिसल्या असत्या."

अशाच एका ढिगात त्याला बाईंच्या पहिल्या कादंबरीचं प्रूफ सापडलं. त्या प्रुफाच्या बाकीच्या प्रतींचा कधीच लगदा झाला होता. आणि त्यात चक्क एक अख्खं प्रकरण जास्तीचं होतं, छापील पुस्तकात ज्याचा मागमूसही नव्हता. मिस्त्रीने ते इतक्यांदा वाचलं की त्याला तोंडपाठ झालं. माणसाने तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण लेखिकाबाई अजून आहेत, याच गावात थोरल्या बहिणीबरोबर राहतात, हे कळलं आणि त्याला सहीची हाव सुटली. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय!

"ठेवून जा," बाई म्हणाल्या. "बघते."

पुढच्या रविवारी म्हणाल्या, "वाचतेय." त्याच्या पुढच्या रविवारी, "अहो, काय भयंकर लिहिलंय मी! हे असलं तुम्ही लोकांना दाखवता?" आणि त्यानंतर गेला तर बाई लाल पेन घेऊन बसलेल्या.

"बाई, दुरुस्त्या करू नका हो! दुरुस्त्या झालेल्या नाहीत म्हणूनच तर या प्रतीला मोल आहे."

"चुकांना मोल? मग माझा स्वयंपाक तर तिजोरीत ठेवायला हवा होता."

तेवढ्यात आतून थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईंची हाक आली. "मिस्त्री, आलाच आहात तर मशीनचा पट्टा बघता का जरा?"

झालं. प्रत राहिली बाजूला, आणि मिस्त्री मशीनखाली आडवा झाला. एका रविवारी पट्टा, दुसऱ्या रविवारी पायडल. ताईंना सुई कुठे आहे तेही आता दिसत नव्हतं, त्या मशीनवर बसतही नव्हत्या, पण ते चालू मात्र पाहिजे! आपली प्रत ओलीस ठेवून या दोघी घर दुरुस्त करून घेताहेत, अशी मिस्त्रीची आता खात्रीच पटली होती.

"भीड भिकेची बहीण," बायकोने ऐकवलं. "आणा जा ती. नाही आणलीत तर आपलंही मशीन त्यांच्याकडेच नेऊन ठेवा, म्हणजे ते तरी दुरुस्त होईल."

तेव्हा मिस्त्रीने कंबर कसली. "बाई, आज प्रत घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

आश्चर्य म्हणजे बाईंनी कपाट उघडून मुकाट्याने प्रत हातात ठेवली. लाल पेनाचा कुठे ठिपका नाही, पहिल्या पानावर ठसठशीत सही. मिस्त्री हरखून गेला. दारात चपला घालता घालता त्याने सवयीने प्रत मधोमध उघडली, आणि ते प्रकरण सापडेना. पानं ब्लेडने कापली होती, शिवणीला धक्का न लावता, अगदी सफाईने.

"बाई, हे काय केलंत!"

"तेव्हा राहिलं होतं ते केलं. ताईने मला शपथ घातली होती, हे प्रकरण कुणाच्या नजरेस पडता कामा नये म्हणून. मी शब्द दिला. पण त्या प्रकाशकाने प्रुफं आधीच वाटून टाकली होती."

"मग ती पानं मला द्या. कुणाला दाखवणार नाही."

"जाळली."

"अहो, जगात एकच प्रत होती!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

असल्या माणसाशी भांडायचं तरी काय? मिस्त्रीची कानशिलं तापली होती, आणि खरं सांगायचं तर डोळेही भरून आले होते. तो ताडताड जिना उतरायला लागला.

"मिस्त्री, थांबा." कठडा धरून ताई मागोमाग येत होत्या.

"आता काय मोडलं?" तो खेकसला.

"हळू बोला, ती ऐकेल. तुम्ही ते वाचलंय ना? काय होतं त्यात?"

मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "तुम्हीच तर काढायला लावलंत!"

"न वाचताच. माझ्याबरोबर कारखान्यात कापड कापायचा त्या माणसावर लिहिलंय, एवढं कानावर आलं आणि माझा धीरच सुटला. लोक काय म्हणतील! मागून तिला विचारायचं कुठल्या तोंडाने? आणि चोरून वाचीन म्हटलं तर डोळे गेले." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "फार वाईट लिहिलं होतं का हो तिने माझ्याबद्दल?"

धन्य त्या बहिणी! एका घरात म्हाताऱ्या झाल्या. एकीने न वाचता गाळायला लावलं, दुसरीने न विचारता जाळलं, आणि वाट लागली ती मिस्त्रीच्या प्रतीची. दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीत, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"वाईट?" तो म्हणाला. "अहो, त्यात तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत हसताय! कारखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसून. तो चिंध्यांच्या टोप्या करून तुमच्या डोक्यावर ठेवतोय, आणि धाकटी डबा घेऊन कोपऱ्यात उभी आहे. ती पुढे येत नाही, कारण ती आली तर तुम्ही हसायच्या थांबाल."

ताई चाचपडत पायरीवर बसल्या आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "काही गाळू नका."

खिशात बायकोचा फोन वाजायला लागला. मिस्त्रीने तो बंद केला, कापलेली प्रत मांडीवर घेतली आणि घसा खाकरला.

"'त्या दिवशी ताई डबा विसरून गेली होती...'"