गुडघे झाकणारा पोडियम

मी एक जुना लाकडी पोडियम आहे. अमेरिकेत ओहायोतल्या एका कम्युनिटी कॉलेजात माझे सारे आयुष्य गेले. मित्रांनो, बोलणारा माणूस तुम्हाला समोरून दिसतो. मला तो माझ्या मागच्या बाजूला दिसतो, तोही फक्त कमरेखाली. त्यामुळे माणसांविषयी माझे मत तुमच्याहून जरा निराळे आहे.

माझा जन्म इथल्याच सुतारकामाच्या वर्गात झाला. टटल मास्तरांनी विद्यार्थ्यांकडून मला ओक लाकडाच्या जाड फळ्यांतून करवून घेतले. पुढची फळी त्यांनी थेट जमिनीपर्यंत आणली. वर्षातून चारदा गावात पाहुणे लेखक येत, आणि त्या संध्याकाळी माझा थाट काय वर्णावा! कोणी माझ्यावर मूठ आपटून कविता म्हणे. एकाने दहा मिनिटे मागून तासभर वाचले. शेवटी लोकांनी बिस्किटे संपवली तरी गडी हटेना. जाताना सगळे मला थोपटत आणि दणकट म्हणत. मी मनातून सुखावत असे.

पण चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. गेल्या शरदात काचेसारखा आरपार दिसणारा नवा पोडियम आला. मला ढकलत सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात नेले आणि माझ्या डोक्यावर कॉफीचे भांडे ठेवले. मला फार वाईट वाटले.

आमच्याकडे पाहुण्यांच्या आधी लेखनाच्या रात्रवर्गातला एक विद्यार्थी आपले लिखाण पाच मिनिटे वाचतो. पुढच्याच महिन्यातल्या कार्यक्रमात पाळी होती वेल्माची. ती एकतीस वर्षे शाळेची बस चालवते. बर्फात, धुक्यात कधी डगमगली नाही, पण वाचायचे म्हटले की तिची पाचावर धारण बसे. दोनदा तिने ऐनवेळी माघार घेतली होती. आज जमले नाही तर लिहिणेच सोडायचे, असे तिने वर्ग घेणाऱ्या रोझलिनबाईंना सांगून ठेवले होते.

रोझलिनबाईंनी तिची आणि तिच्या बसची ओळख करून दिली. वेल्मा नव्या पोडियममागे उभी राहिली, खाली पाहिले आणि थिजली. मग रोझलिनबाईंकडे वळून हळूच म्हणाली, "माझे गुडघे दिसतायत सगळ्यांना."

माइक चालू होता. सगळ्या सभागृहाने ते ऐकले. दोघेतिघे हसले. वेल्माने कागदांची घडी केली आणि ती पायऱ्यांकडे निघाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून पाहुण्या लेखिका इनेझ कॉर्डेल उठल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, नावाजलेल्या बाई. त्यांनी थेट माझ्याकडे बोट दाखवले.

"मला तो लाकडी हवाय. या काचेमागे मी नाही वाचणार."

शिपाई ऑर्व्हिल कुरकुरला, "बाई, मागच्याच महिन्यात एकट्यानं ढकलत मागे नेलाय त्याला. कंबर अजून बोलतेय."

"मग आज दोघं ढकलू. वेल्मा, तुम्हीपण या. बसच्या मानानं हा काहीच नाही."

वेल्मा हसली आणि कागद खिशात कोंबून आली. कॉफीचे भांडे उतरले, लोकांनी खुर्च्या सरकवल्या, आणि माझी वरात निघाली. एवढा मान मला उमेदीच्या काळातही मिळाला नव्हता.

माझ्यामागे उभी राहून वेल्माने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. पहिल्या ओळीला आवाज चिरकला. मग तिने वाचले, "या गावातली निम्मी मुलं मी बसच्या आरशातच मोठी होताना पाहिलीत," आणि पुढे गाडी सुरळीत चालली. पाच मिनिटांची बारा झाली, पण कोणी घड्याळ पाहिले नाही. टाळ्या थांबेनात. तरीही खाली उतरताना ती रोझलिनबाईंना म्हणाली, "पाहुण्यांनी माझ्यावर दया केली, एवढंच."

मग इनेझबाई माझ्यामागे आल्या. पुस्तक उघडले, आणि काय तो खणखणीत आवाज! सारे भारावून ऐकत होते. मी मात्र दुसरेच ऐकत होतो. माझ्या फळीवर सारखी टकटक चालली होती. बाईंचे गुडघे वेल्माच्या दुप्पट थरथरत होते.

हे वेल्माला सांगायची माझी फार इच्छा आहे, पण लाकडाला वाचा नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. मित्रांनो, कोणी बोलायला उभे राहिले की शेवटी टाळ्या वाजवाच; पण थोड्या त्याने तोंड उघडण्याआधीही वाजवा.