दोघांची झोळी

"ही कडी म्हणायची का? हिच्यावर माझी शाल टांगली तरी भिंतीसकट खाली येईल."

चिची पुटपुटली ते फक्त फिदेलियाला ऐकू गेलं, कारण झोपायच्या झोळ्यांची पिशवी छातीशी धरून तीच शेजारी उभी होती. चिची म्हणजे तिची सासू. आजीला त्यांच्याकडे चिची म्हणतात, आणि पहिलं नातवंड झाल्यापासून सगळी गल्ली तिला त्याच नावानं हाक मारत होती. तिनं भिंतीतली लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली, पाय वर उचलले आणि चक्क लोंबकळली. कडी जराही हलली नाही. चिचीचा चेहरा उतरला. तक्रार खोटी ठरली की तिला मनापासून वाईट वाटे.

"आई, हॉटेल पाडू नकोस, अजून सामान पण सोडलं नाही," तेल्मा म्हणाली. तेल्मा ही चिचीची मुलगी, फिदेलियाची नणंद. लग्न केलेलं नव्हतं, आवाज दोन अंगणं ओलांडेल असा.

खोली चौघांची होती आणि माणसं सहा. प्रोग्रेसोच्या समुद्रकिनारी ऑगस्टच्या सुट्टीत असलं कुणी मनावर घेत नाही. मालकीणबाईंनीसुद्धा छताकडे बघत चार डोकी मोजली होती आणि किल्ली दिली होती. एक मोठा पलंग, एक पंखा आणि भिंतींत समोरासमोर कड्या. पलंग त्यांच्या घरात कुणालाच लागत नसे. चिचीच्या मते माणूस पलंगावर दोनदाच झोपतो, ऑपरेशन झाल्यावर आणि अगदी शेवटी. बाकी जन्मभर सुती दोऱ्यांची विणलेली झोळी. त्यामुळे सुट्टीला निघताना ही माणसं कपड्यांच्या आधी झोळ्या भरत, आणि खोलीत शिरल्यावर समुद्र कुठल्या अंगाला आहे हे बघायच्या आधी कड्या बघत.

फिदेलियानंही बघितल्या. तीन झोळ्यांपुरत्या होत्या. मागच्या वर्षापर्यंत सगळं कसं सोपं होतं! एकीत चिची. एकीत तेल्मा, आणि तिच्याच खाली, जमिनीपासून वीतभर वर, धाकट्या रुसेलची. तिसरीत फिदेलिया आणि तिची मोठी मुलगी मिर्ना, एकीचं डोकं इकडे, दुसरीचं तिकडे.

या वर्षी गास्पार होता.

"मागे आहे, मागे आहे," म्हणत तो बर्फाची पेटी घेऊन आत आला. कुणाच्याही पाठीमागून जाताना तो असं म्हणे. तिकडे, सान फ्रान्सिस्कोत, हॉटेलच्या स्वयंपाकघरात उकळती भांडी घेऊन जाताना लागलेली सवय. पहिल्या दिवशी घरात सगळ्यांना हसू आलं होतं. आता कुणी हसत नसे, फक्त बाजूला होत.

गास्पार म्हणजे आपला नवरा. तो परत आल्यापासून फिदेलिया हे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघत होती, पाठ न होणाऱ्या धड्यासारखं. तो गेला तेव्हा रुसेल पोटात होता. आता रुसेल अकरा वर्षांचा होता आणि बापाशी बोलायचं झालं तर अजून आधी घसा साफ करत होता. मधल्या वर्षांत गास्पार म्हणजे रविवारचा फोन होता. हातात मावेल एवढा चेहरा, जेवलीस का, मुलं कशी आहेत, आईचा गुडघा कसा आहे. घराच्या भिंती त्याच्या पैशानं उभ्या राहिल्या होत्या. त्याला कुणी काही बोलू शकत नव्हतं. तिला तर मुळीच बोलायचं नव्हतं. तिला फक्त संध्याकाळ व्हायची धास्ती वाटायची.

घरी निभावलं होतं. पहिल्याच दिवशी गास्पार म्हणाला होता, पेट्या उचलून उचलून कंबर गेली आहे, झोळी झेपणार नाही. तेल्मानं तडक शेजारून एक लोखंडी खाट आणून पुढच्या खोलीत टाकली. ज्या चपळाईनं ती खाट आली, त्यावरून फिदेलियाला कळायला हवं होतं, की घाबरलेली ती एकटी नव्हती.

पण इथे एकच खोली.

"उघड पिशवी," चिची म्हणाली. "अशी बाळासारखी काय धरून बसलीस?"

फिदेलियानं झोळ्या पलंगावर ओतल्या. चिचीची पांढरी, तेल्माची जांभळी, रुसेलची ठिगळाची, आणि सगळ्यांत खाली, फिदेलिया-मिर्नाच्या जुन्या झोळीऐवजी, एक नवी, जाडजूड गुंडाळी. नारिंगी, पिवळा, समुद्री निळा. चिचीनं तिचं एक टोक रुसेलच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती मागे सरकत गेली. झोळी उलगडत गेली, उलगडतच गेली.

जानेवारीपासून अंगणातल्या मागावर ही झोळी विणली जात होती. फिदेलिया बाजारात संत्री विकून आली की रोज ती थोडी आणखी रुंद झालेली दिसे. एकदा तिनं विचारलंही होतं, एवढी मोठी कुणाची? "आहे एक गिऱ्हाईक," चिची म्हणाली होती, मान वर न करता.

"अगं बाई!" तेल्मा ओरडली. "यात तर अख्खी फुटबॉलची टीम मावेल."

"दोघं मावतात," चिची म्हणाली. "नवरा आणि बायको. आणि आधी तेच दोघं झोपतील, दुसऱ्या कुणी पाय लावायचा नाही. माझ्या हातच्या झोळीचा नियम आहे तो."

खोलीत एकदम सगळ्यांना कामं आठवली. मिर्ना टॉवेलांच्या घड्या घालू लागली, ज्या आधीच घातलेल्या होत्या. तेल्मा पंख्याचं बटण उगाच फिरवत बसली. फिदेलियानं जेवणाचे डबे उघडले. केळीच्या पानात भाजलेलं डुकराचं मांस, आंबट संत्र्याच्या रसातला कांदा, मक्याच्या टॉर्टिया. वास दरवळला, पण तिचं लक्ष झोळीकडे होतं. झोळीत दोन माणसं झोपली की मध्ये अंतर ठेवताच येत नाही. दोर दोघांनाही मध्यावर आणून सोडतात.

"तू बांध रे," चिचीनं गास्पारला दोर दिला.

गास्पारनं दोर कडीत ओवला. एक गाठ मारली, सोडली. दुसरी मारली. मानेवर घाम आला. रुसेल ते बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"तसं नाही. खालून घ्यायचं असतं."

"माफ कर," गास्पार म्हणाला. पोटच्या पोराला. रुसेल लाजला, आणि त्यानं पटकन दोर हातात घेऊन गाठ मारून दिली.

जेवणं झाली. दुपारची झोप हे त्या घरात देवाच्या खालोखाल. चिचीनं पडदा ओढला आणि गास्पारकडे बघून झोळीकडे हनुवटीनं खूण केली.

"पड जरा. बघ कंबरेला कसं वाटतं. फिदेलिया भांडी धुऊन येईल."

फिदेलिया न्हाणीत होती. तिनं नळ बारीक केला, ऐकू यावं म्हणून. नंतर ऐकवेना, म्हणून मोठा केला. तेवढ्यात धप्प आवाज आला, आणि पाठोपाठ रुसेलचं खिदळणं.

ती बाहेर आली तर गास्पार जमिनीवर बसलेला, झोळी त्याच्या डोक्यावर हेलकावे खात होती. तो तिच्यात सरळ, लांबट पडला होता, पलंगावर पडल्यासारखा. झोळीत तिरकं पडायचं असतं हे तिथे रांगणाऱ्या पोरालाही सांगावं लागत नाही. असं पडतात ते फक्त विमानानं आलेले पाहुणे.

"गोऱ्यासारखा पडला!" रुसेल हसत होता. तेल्माही हसली. गास्पारही हसला. मग हळूहळू सगळ्यांचं हसू ओसरलं, आणि चिची तेवढी हसलीच नव्हती हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तिच्या हातांनी लहानपणी त्याला झोळीतच झुलवलं होतं.

"कंबर," गास्पार म्हणाला. "कंबरेमुळे, आई. मी आपला पलंगावर पडतो."

"मग पलंगावर," चिची म्हणाली. "पलंग काय कमी रुंद आहे? फिदेलियापण पलंगावर झोपेल. त्यात काय?"

"मम्मीला पलंगावर झोप लागत नाही," मिर्ना घाईनं म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"आणि मला लाटांच्या आवाजाची भीती वाटते. मम्मी माझ्याजवळ हवी."

सतरा वर्षांची मुलगी. दर वर्षी भरतीच्या वेळी सगळ्यांच्या आधी पाण्यात उडी मारणारी. फिदेलियानं तिच्याकडे बघितलं. मिर्नानं नजर टाळली. तेव्हा फिदेलियाच्या लक्षात आलं, की घरी रोज काही ना काही निमित्त काढून तिच्या झोळीत येणारी, आज पोट दुखतंय, आज वाईट स्वप्न पडलं म्हणणारी ही पोर आपल्यासाठीच खोटं बोलत होती. आईनं मुलांची राखण करायची, तर इथे मूल आईची राखण करत होतं. तिला लाज वाटली.

"ते संध्याकाळी बघू," तेल्मा म्हणाली. "आता सगळ्यांनी तोंडं मिटा. मला झोपायचंय."

सगळे पडले. तेल्मा चिचीच्या झोळीत. फिदेलिया मिर्नाजवळ, तेल्माच्या जांभळ्या झोळीत, एकीचं डोकं इकडे, दुसरीचं तिकडे. नवी झोळी मधोमध रिकामी लटकत होती. तिच्या जाळीतून तिला पलंग दिसत होता. गास्पार एवढ्या मोठ्या पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ लावून आकसून पडला होता. पडायच्या आधी त्यानं बूट काढले होते आणि, कुणी बघत नाही असं समजून, उशीखाली सरकवले होते. वाळूनं भरलेले बूट. एक हात त्यांच्यावरच ठेवून तो झोपला.

कुणापासून सांभाळत होता ते बूट? फिदेलिया विचार करत राहिली. रविवारी फोनवर तो सांगायचा, छान खोली आहे, मित्र आहेत. मित्र किती, पलंग किती, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिनंही त्याला सगळं कुठे सांगितलं होतं? रुसेलच्या जन्माच्या वेळी तेल्माच तिचा हात धरून होती. ती रडली होती ती नवऱ्यासाठी नाही, आईसाठी, आणि हे तिनं गास्पारला कधीच कळू दिलं नव्हतं. गेल्या कितीतरी वर्षांत तिनं झोपेत कूस बदलताना कुणाला विचारलं नव्हतं. वाईट माणूस असता तर सोपं होतं. भांडता आलं असतं. हा तर पोराचीही माफी मागणारा. याला नाही म्हटलं तर गल्ली काय म्हणेल ते एकवेळ सोसता येईल. पण चिची? जानेवारीपासून विणत बसलेली चिची? आणि हा उठून पुन्हा तिकडे निघून गेला तर? आपल्याला तो जायला हवा आहे का? नाही. मग जवळ हवा आहे का?

समोर गास्पारनं झोपेत दचकून बुटांवरचा हात घट्ट केला.

ऊन उतरल्यावर सगळे समुद्रावर गेले. लांबच लांब धक्का, नारळपाणी, कागदी पुड्यांतून तळलेले मासे. रुसेल बापाला तिरकं कसं पडायचं ते वाळूत रेघ ओढून शिकवत होता. गास्पार मन लावून ऐकत होता. फिदेलियाला बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबरोबर लगेच भीतीही वाटली, कारण आकाश लाल व्हायला लागलं होतं.

चिची आधी परतली होती. ते खोलीत शिरले तर तिनं सगळं लावून ठेवलेलं. नवी झोळी खिडकीशी हलवली होती, पंख्याच्या वाऱ्यात, आणि तिच्या अलीकडे दोर ताणून एक चादर टाकली होती. पडदा. तिची पांढरी झोळी चादरीच्या अलीकडे. पलंगावर तेल्माची उशी.

"मी पलंगावर?" तेल्मा किंचाळली. "मी काय मरायला टेकलेय?"

"एक दिवस झोपलीस तर मरत नाहीस."

"चिची, मी पलंगावर झोपते, मम्मीला घेऊन," मिर्ना म्हणाली. "लाटा..."

"लाटांना मी बघून घेईन."

"मी पप्पांबरोबर झोपतो त्या झोळीत," रुसेल म्हणाला. "मला येतं. मी त्यांना धरून ठेवीन, पडू देणार नाही."

"नियम आहे ना रे!"

"आई, माझी कंबर..." गास्पारनं सुरुवात केली.

"कंबर, कंबर! मी विणली आहे ती. माझ्या झोळीत कुणाची कंबर दुखत नाही."

"चिची, मम्मीला पलंगावर नाही झोप लागत..."

"आई, आता बास..."

सगळे एकदम बोलत होते. चादर, उशी, पंखा, लाटा, कंबर. फिदेलिया दारातच उभी होती, पायांची वाळू न झटकता. तिनं बघितलं, चिचीचे हात चादरीचं टोक पुन्हा पुन्हा सरळ करत होते. आम्ही दोघं परके झालोय हे हिलाही कळलंय, फिदेलियाला वाटलं. जानेवारीपासून कळलंय. म्हणूनच एवढी रुंद विणली.

ती पुढे गेली आणि तिनं सासूच्या हातातून चादरीचं टोक काढून घेतलं, हळूच.

"चिची," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "तो उशीखाली बूट ठेवून झोपतो. कुणाच्या भीतीनं, ते मला माहीत नाही. मी रात्री कशी झोपते, ते त्याला माहीत नाही." मग ती गास्पारकडे वळली, कारण हे त्याच्या पाठीमागे बोलण्यासारखं नव्हतं. "मला तू घरात हवा आहेस, गास्पार. पण तुझ्या शेजारी झोपायची मला भीती वाटते. आपण एकमेकांना ओळखत नाही."