मी जळायला हवे होते

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना फ्यूज आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता काळाठिक्कर पडलो आहे. माझ्या पोटात कथलाची बारीक तार असायची. घरातल्या वायरीवर फार भार आला की ती वितळायची, दिवे जायचे आणि घर वाचायचे. एवढेच माझे काम. आपण जळायचे आणि वर बोलणी खायची!

सोलापुरात वीज नवी होती, तेव्हा भवानी पेठेत शिवलिंगप्पांच्या घरी मला बसवले. खाली त्यांचा जरीची तार ओढण्याचा कारखाना, वर माळ्यावर सुताच्या लडी. घरात बायको नागम्मा आणि अंथरुणाला खिळलेली आई निंगव्वा. पहिल्या दसऱ्याला नागम्माने हत्यारांबरोबर मलाही फूल वाहिले. मी केवढा फुशारलो होतो.

पुढे लगीनसराईत काम वाढले. शिवलिंगप्पांनी त्याच वायरीला जोड देऊन आणखी दिवे टांगले. माळ्यावरचे जोड नुसत्या चिंधीने गुंडाळले. मग माझी तार सारखी वितळू लागली.

"अहो, माळ्यावर करपल्यावानी वास येतोय. वायरमनला बोलवा की," नागम्मा म्हणाली.

"कामाच्या दिवसांत कुटं बोलवू? ह्यो फ्यूजच लई नाजूक हाय."

आयुष्यभर तार ओढलेला माणूस तो. तुटते ती तार वाईट, एवढेच त्यांना ठाऊक. जरीसाठी आणलेली तांब्याची जाड तार त्यांनी माझ्यात पिळून बसवली. "आता तुटायची न्हाय," ते समाधानाने म्हणाले.

खरेच तुटली नाही. एका दिवेलागणीला ते माल पोचवायला गेले असताना माळ्यावरचा जोड तापून लाल झाला. वायरीखालची लाकडी पट्टी पेटली, मग सूत पेटले. मला सारे कळत होते, पण त्या तांब्यापुढे माझे काही चालेना. नागम्मा बाहेर पळाली होती. "अव्वा आत हाय," म्हणत ती सासूला आणायला परत आत गेली. दोघीही आल्या नाहीत.

राख उपसताना शेजारच्या बसप्पांनी मला उचलले. "सगळं गेलं, पर ह्यो फ्यूज शाबूत हाय. तारबी तुटली न्हाय की." जन्मात माझे असे कौतुक कुणी केले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आता शिवलिंगप्पा सात रस्ता चौकाजवळ भाड्याच्या खोलीत राहतात. घरातली एवढीच वस्तू उरली, म्हणून त्यांनी मलाच इथे लावले आहे, आतल्या त्याच तारेसकट. याच वायरीवरून शेजारच्या खोलीतही दिवा गेला आहे. तिथे एक बाळंतीण आहे.

मित्रांनो, तुमच्या घरचा फ्यूज जळाला तर त्याला नावे ठेवू नका. तो का जळाला ते बघा, वायरमनला बोलवा. आणि कुणी इकडे आलात तर शिवलिंगप्पांना सांगा, ती तार काढा म्हणावे. ते ऐकतील असे मला वाटत नाही. त्यांनी नागम्माचेही ऐकले नव्हते.